पाऊण इंचीत दहा वायरी

इस्लामपुरात माझं दुकान होतं तेव्हा फोन यायचा आणि पलीकडचा माणूस माझा आवाज ऐकून म्हणायचा, जरा मिस्त्रींना द्या. मी म्हणायची, बोला, मीच मिस्त्री. काही जण फोन ठेवून द्यायचे. काही जण म्हणायचे, बरं, संध्याकाळी करतो. म्हणजे तोवर घरातलं पुरुष माणूस येईल. आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. पुढे परवाना काढला, ठेकेदारी घेतली, आणि तीसेक वर्षं वाळव्यापासून वर माणपर्यंत आणि खाली सांगलीपर्यंत घरं, दवाखाने, पिठाच्या गिरण्या, दोन-तीन मंगल कार्यालयं यांची वायरिंगची कामं केली. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून दुकान बंद केलं.

दुकान बंद झालं तरी लोक रस्त्यात गाठून विचारतात. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: पाइपात अजून एक वायर बसंल का?

बसते. नेहमीच बसते. तीच तर भानगड आहे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या घराच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये प्लास्टिकचे पाइप पुरलेले असतात आणि त्यांतून वायरी गेलेल्या असतात. घरगुती कामाला बहुतेक पाऊण इंची पाइप, क्वचित एक इंची. वायरीची जाडी आम्ही आतल्या तांब्यावरून सांगतो: दिव्या-पंख्याला दीडची, गिझरला किंवा स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटला अडीचची किंवा चारची. वायरीतून वीज गेली की वायर तापते. थोडी तापते, पण तापतेच. ती उष्णता बाहेर पडायला भोवती मोकळी जागा लागते. पाइपाचं पोट अर्ध्याहून कमी भरायचं असा नियम आहे, पण कामावर कोण पोट मोजत बसतं? मी पाऊण इंची पाइपात दीडच्या पाच वायरी धरायची, पाइपाला वाकणं असली तर चार. जाड वायर आली की आणखी कमी.

पेठेजवळ गणिताच्या एका निवृत्त सरांचं घर करत होते. त्यांनी कागदावर वर्तुळं काढली, क्षेत्रफळं काढली आणि मला दाखवलं की या पाइपात बारा वायरी जायला हरकत नाही. मी म्हटलं, सर, तुमचं गणित बरोबर आहे, आता ओढून दाखवा. पाइपाला दोन काटकोन होते. सर धोतर खोचून उभे राहिले आणि सातव्या वायरीला घामाघूम झाले. ओढता ओढता नवी वायर जुनीच्या अंगावर घासते आणि तिचं प्लास्टिक सोलते, हे कागदावर दिसत नाही. सरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, बाई, या उदाहरणात घर्षण धरायचं राहिलं. त्यानंतर काम संपेपर्यंत ते रोज चष्मा लावून प्रत्येक बॉक्समधल्या वायरी मोजायचे. चार असल्या की मान डोलवायचे.

महाबळेश्वरला एका लॉजवाल्याच्या स्विचबोर्डातून पावसाळ्यात पाणी गळायचं. त्यानं आधी नळवाल्याला बोलावलं होतं. गच्चीवरचा वायरींचा पाइप उघडा राहिलेला, पाऊस त्यातून खोल्या-खोल्यांत उतरत होता. असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगताना मला बरं वाटतं, कारण त्यांत चूक दुसऱ्याची असते. आज जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात चूक माझी आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी म्हसवडजवळच्या एका वाडीत मी एका सुभेदारांच्या घराचं काम घेतलं. घराणं मेंढपाळांचं. वडील आणि चुलते जन्मभर मेंढरं घेऊन पावसाळा सोडून बाकीचे आठ महिने बाहेर असायचे. सुभेदार फौजेत गेले, निवृत्त होऊन आले आणि त्यांनी त्या वाडीतलं पहिलं स्लॅबचं घर बांधायला काढलं. माणूस शिस्तीचा. विटांचे ढीगसुद्धा एका ओळीत लावून घ्यायचे. त्यांची आई धोंडूबाई तेव्हा हिंडती-फिरती होती. ती आम्हाला रोज ताक आणून द्यायची आणि स्लॅबकडे संशयानं बघायची. एवढं वजन डोक्यावर घेऊन झोपायचं कसं, हा तिचा प्रश्न होता.

माझ्याबरोबर मारुतीतात्या होते. ते मूळचे गवंडी; भिंतीत पाइपासाठी खाच मारायची, त्याला आम्ही झिरी म्हणतो, ते काम त्यांचं. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि बोलायला एकदम कमी.

पुढच्या व्हरांड्यातल्या मुख्य बोर्डापासून मागच्या खोल्यांकडे स्लॅबमधून दोन पाऊण इंची पाइप टाकलेले होते. एकातून मागच्या दोन खोल्यांचे दिवे आणि पंखे, दुसऱ्यातून स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचा गिझर. स्लॅब भरताना आम्ही दोघं उभे होतो. तरी कुणाच्या तरी बुटाखाली दुसऱ्या पाइपाचा सांधा निखळला असणार. ते कळलं महिन्यानं. गिलावा होऊन रंगसुद्धा झाला होता. वायरी ओढायला पाइपात आधी एक पोलादी स्प्रिंग सरकवतात, ती सहा फुटांवर जाऊन टक्क करून थांबली. दुसऱ्या टोकानं घातली तर तिकडूनही थांबली. मध्ये सिमेंट जाऊन दगड झाला होता.

तो गुरुवार होता. रविवारी वास्तुशांत. पाहुणे बोलावलेले, मांडववाला येऊन गेलेला.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक तर खालून स्लॅब फोडून सांधा शोधायचा, नाहीतर भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून त्यातून वायरी न्यायच्या. सुभेदारांना मी दोन्ही सांगितले. स्लॅबला छिन्नी लावायचं नावच काढू नका म्हणाले. पट्टीबद्दल म्हणाले की नव्या घराच्या भिंतीवर पट्ट्या दिसल्या तर ते तलाठी कचेरीसारखं वाटंल. शेवटी म्हणाले, "ताई, तुमी एवढी कामं केलीत. काय तरी मार्ग काढा की."

मार्ग मला दिसत होता. पहिला पाइप मोकळा होता. त्यात पाच वायरी आधीच ओढलेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या आणि गिझरच्या मिळून अडीचच्या आणखी पाच त्यातूनच न्यायच्या.

मारुतीतात्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पट्टीनं न्या, ताई. चार दिस नावं ठेवतील आन इसरतील."

मी त्यांना म्हटलं, बसतील. संगजिऱ्याची पावडर मागवली, वायरी सरकाव्यात म्हणून त्यांना चोळली. एका टोकाला तात्या ओढत होते, दुसऱ्या टोकाला मी सोडत होते. नववी वायर जाताना पाइपातून कर्र आवाज आला आणि माझ्या हाताला ती घासलेली जाणवली. दहावी तरीही ओढली. मग मेगर लावला. वायरींच्या प्लास्टिकमधून वीज गळते का, हे पाहायचं ते यंत्र. काटा ठीक दाखवत होता. मी टेस्ट रिपोर्टवर सही केली, शिक्का मारला. त्या सहीचा अर्थ असा की हे काम मी नियमानं केलं आहे.

वास्तुशांत झाली. सुभेदारांनी मला साडी नेसवली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं की आमच्या घराची वीज एका बाईनं घातली आहे. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

पुढची वर्षं काही झालं नाही. घरात चार दिवे, तीन पंखे, एक टीव्ही. गिझर होता, पण तो क्वचित लागायचा; चुलीवर पाणी तापायचं. इतक्या कमी विजेला दहा काय, पंधरा वायरींनीही तक्रार केली नसती. मी दुसऱ्या कामांना लागले आणि ते घर डोक्यातून गेलं. अगदी गेलं होतं असं नाही. कधी म्हसवडकडची एसटी दिसली की आठवायचं.

दीड वर्षापूर्वी साताऱ्यात एका दवाखान्यात डोळे दाखवायला गेले होते. बाकावर सुभेदार बसलेले. लगेच ओळखलं, शेजारी बसवून घेतलं. आई कशी आहे विचारलं तर म्हणाले, कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवरच आहे, जागची हलत नाही. माणचा उन्हाळा, पत्र्यासारखा स्लॅब तापतो, म्हणून मुलानं तिच्या खोलीत एसी बसवला. सुनेनं विजेची शेगडी घेतली. गिझर आता रोज चालतो. हे सगळं ते कौतुकानं सांगत होते. मग म्हणाले, "तुमच्या वायरिंगला अजून बोट लावाय लागलं न्हाई. ती एमसीबी तेवढी सारकी पडत हुती. पोरानं मोठी बसवली. आता कायबी तरास न्हाई."

एमसीबी म्हणजे बोर्डातली ती खटका पाडणारी कळ. वायरीतून झेपेल त्याहून जास्त वीज जायला लागली की ती पडते आणि वायर वाचते. ती सारखी पडत होती याचा अर्थ वायर हाक मारत होती. मोठी बसवली म्हणजे त्या हाकेचं तोंड दाबलं. आणि त्या वायरी एकट्या नव्हत्या, दहा जणी एका पाइपात होत्या, हे फक्त मला आणि मारुतीतात्यांना ठाऊक होतं.

त्यांना मी तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की घरी जाताच एसी, शेगडी आणि गिझर बंद ठेवा, मी उद्या येऊन बघते. त्यांना वाटलं, ताई अजून आपल्या कामाची काळजी घेतात. त्यांनी माझे आभार मानले. परतीच्या गाडीत मी वाटेत लागलेली गावंसुद्धा पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीतात्यांना घेऊन निघाले. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. मी फोनवर फक्त म्हसवड एवढंच बोलले. ते म्हणाले, येतो, छिन्नी आणू का?

सुभेदारांनी चहा मागवला. मी म्हटलं, चहा नंतर, आधी ऐका. मग सगळं सांगितलं. दुसरा पाइप बुजला होता हे त्यांना माहीत होतं. पहिल्यात मी काय कोंबलं ते माहीत नव्हतं. पाच जायला हव्यात तिथं दहा घातल्या, ओढताना घासल्याचं कळलं होतं, तरी सही केली, हेही सांगितलं.

ऐकून झाल्यावर ते उठले, व्हरांड्यात गेले आणि मेन स्विच खाली ओढला. आईच्या खोलीतला पंखा हळूहळू थांबला. परत येऊन बसले आणि म्हणाले, "तवा का न्हाई बोलला?"

मी वाटेत याची दोन-तीन उत्तरं तयार केली होती. तुम्ही ऐकलं नसतंत, वास्तुशांत जवळ आली होती, त्या काळी घरात एवढी यंत्रं नव्हती. त्यातलं एकही बोलले नाही. म्हटलं, "मला जमत नाही असं म्हणायचं नव्हतं. बाईमाणूस, हिला कुठलं जमतंय, असं कुणी म्हणायला नको होतं."

सुभेदार मग फौजेतल्या सवयीनं तपशिलात शिरले. पाइप पूर्ण भरला आहे का? नाही. अर्धी जागा मोकळी आहे ना? जवळजवळ आहे. मग अडचण कुठं आहे? मी पुन्हा समजावायला लागले की वायर तापते, तिची उष्णता शेजारणीला लागते, शेजारणीची हिला लागते, मधल्या वायरीला निवायला वाट नसते. ते मान हलवत होते, पण पटत नव्हतं. माणसाला डोळ्यांनी मोकळी दिसणारी जागा भरलेली आहे हे पटवणं अवघड असतं.

आतून खाटेवरून धोंडूबाई बोलली. मला वाटत होतं ती झोपली आहे. म्हणाली, "वाघरीत मेंढरं दाटली की कडंची तगत्यात, मदली गुदमरत्यात. तुजा बाप तुला सांगत न्हवता व्हय रं?" वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. सुभेदार शिडी आणायला उठले.

आईच्या खोलीच्या छताला, तिच्या खाटेच्या बरोबर वर, वायरी जोडायचा बॉक्स होता. त्याचं झाकण मी काढलं. गुडघे नको म्हणत होते, तरी शिडीवर मीच चढले. लाल वायरी विटकरी झाल्या होत्या. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. एक वायर बोटानं वाकवली तर वरचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटून खाटेवर पडलं. आतलं तांबं काळं पडलेलं. सुभेदार खाली शिडी धरून उभे होते. त्यांनी चादरीवरचा तो तुकडा उचलला, बराच वेळ हातात धरला आणि मग मुलाला हाक मारून सांगितलं की आधी आजीची खाट बाहेर घ्या.

वायरी ओढून काढायला आम्हाला अर्धा दिवस लागला. तात्या एकीकडून ओढत होते, सुभेदारांचा मुलगा दुसरीकडून. काही तुटूनच आल्या. नववी कुठली आणि दहावी कुठली हे आता ओळखू येत नव्हतं, पण एकीच्या अंगावर हातभर लांब सोललेली पट्टी होती. दुसऱ्या दिवशी पाइपात फक्त दिव्या-पंख्यांच्या पाच नव्या वायरी ओढल्या. एसीला चारची वेगळी लाइन, शेगडीला वेगळी, गिझरला वेगळी; तिन्ही भिंतीवरून, पट्ट्या मारून. एमसीबी ज्या मापाच्या हव्यात त्या बसवल्या. भिंत खरंच कचेरीसारखी दिसायला लागली. सुभेदारांनी पट्ट्यांकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं की रंग कुठला उरला आहे का, भिंतीचाच लावून टाकू.

मारुतीतात्यांनी त्या दोन दिवसांत, तेव्हा मला काय सांगितलं होतं, ते एकदाही काढलं नाही. सुभेदारांसमोर नाही, आणि परतताना गाडीतही नाही. मीच काढलं. तर म्हणाले, "म्या तरी वायर सोडून कुटं गेलो? म्याबी वढलीच न्हवं."

निघताना सुभेदार फाटकापर्यंत आले. त्यांनी पूर्वीसारखं कौतुक केलं नाही आणि ते मला बरोबर वाटलं. म्हणाले, तुमी आला नसता तर आमाला कळलं नसतं. मग म्हणाले, आन कळलं असतं तर येळ गेल्यावर. एवढं बोलून त्यांनी हात जोडले आणि वळले. त्यांच्या घरून नंतर बोलावणं आलेलं नाही. म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला मी गेले होते, पण वाडीकडे वळायचं धाडस झालं नाही. धोंडूबाई बरी आहे असं तात्यांकडून कळतं.

घरी आल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक कामाचा पाइपांचा नकाशा मी वहीत काढून ठेवायची, कुठून कुठे पाइप, त्यात किती वायरी. पंधरा दिवस बसून सगळ्या चाळल्या. पाइप बुजला म्हणून मी शेजारच्यात कोंबलं, अशी आणखी तीन कामं निघाली. मला वाटत होतं एकही नसेल.

एक विट्याकडचं. तिथं मालकानं घरच पाडून नवं बांधलं होतं. दुसरं कराडचं. मालकानं माझं बोलणं ऐकलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर मला नको नको ते बोलला. मी ऐकून घेतलं. त्यानं दुसऱ्या वायरमनकडून आठवड्यात सगळं बदलून घेतलं आणि तसं फोन करून कळवलं, त्याबद्दल त्याचे उपकार.

तिसरं सांगलीचं. विश्रामबागच्या बाजूला एका तीन मजली इमारतीतला फ्लॅट. ज्यांच्यासाठी काम केलं ते विकून गेले. ज्यांनी घेतला ते परगावी असतात, मध्ये मध्ये भाडेकरू येतात-जातात. मी चार वेळा जाऊन आले. दोनदा कुलूप होतं. एकदा भाडेकरू म्हणाले, आम्ही महिनाअखेर सोडतोय, मालकांना सांगा. मालकांचा नंबर शेजाऱ्यांकडून मिळाला, तो लागत नाही. दाराखालून चिठ्ठी सरकवली, इमारतीच्या सेक्रेटरींच्या हातात दुसरी दिली. गेल्या महिन्यात गेले तर दाराबाहेर नवीन चपला होत्या, लहान मुलाच्याही. बेल वाजवली, घरात कुणी नव्हतं. खिडकीबाहेर एसीची पेटी लावलेली दिसली.

दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हणून संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणणार होते. मग वाटलं, अंक घरोघर जातो.

तेव्हा सांगलीत अशा घरात कुणी राहत असेल तर त्यांच्यासाठी: दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. दारातून आत आल्यावर उजवीकडे मुख्य बोर्ड आहे, त्याच्या वर छताला लागून एक चौकोनी पांढरं झाकण. मेन स्विच बंद करा आणि जाणत्या वायरमनला बोलावून ते झाकण उघडायला सांगा. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पाइपातल्या वायरी मोजून घ्या. पाच असायला हव्यात. नऊ भरतील. त्या मी ओढल्या आहेत.